आचारी कीं आचार्य?

आमच्या शिरूरच्या वाड्याच्या भिंती दोन हात रुंद आहेत. उन्हाळ्यांत त्यांचें कौतुक सर्वांस वाटतें. परंतु आमच्या थोरल्या बंधूंचा नातू शनिवारीं दौंडाहून आला म्हणजे त्या भिंतींचा जो उद्धार होतो, तो त्या बांधणाऱ्या आमच्या पूर्वजांनीं ऐकला नाहीं हेंच बरें. मोबाइलच्या लहरी त्यांतून आंत येत नाहींत. मग पुण्यास प्रोग्रामरची नोकरी करणारा हा पंचवीस वर्षांचा गृहस्थ लॅपटॉप छातीशीं धरून माळवदावर चढतो, आणि पापड वाळत घातलेल्या चादरीच्या कोपऱ्यावर बैठक मारतो. काम ऐन रंगांत आलें कीं वीज जाते. वीज आली कीं यंत्र स्वतःचीच डागडुजी करावयास घेतें, व 'बंद करूं नका' अशी पाटी लावून अर्धा तास समाधि लावतें. इतक्यांत जिन्यावरून हांक येते, "अरे, टीव्हीला काय झालें बघ जरा, तूं कॉम्प्युटर शिकलास ना?"

आठवडाभर हेंच करतोस, मग सुटीच्या दिवशीं पुनः तें यंत्र हातीं कशाला, असें आम्हीं त्यास एकदां विचारलें. "तें ऑफिसचें काम, आजोबा, हें माझें," असें तो म्हणाला. त्याच्या 'माझ्या' कामांपैकीं कांहींचा अनुभव घरच्यांस आहे. पाण्याची टाकी भरली कीं वाजणारी घंटा त्यानें केली. ती एका रात्रीं दोन वाजतां वाजली, व तारांवर पाल बसली होती असें पुढें निष्पन्न झालें. पुण्याची सकाळची गाडी किती उशिरा आहे हें सांगणारा एक प्रोग्रामहि त्यानें केला; पण त्याचें उत्तर येई तोंवर गाडीनें पाटस सोडलेलें असे. या गोष्टी आम्हीं हंसण्यावारी नेत आलों. गेल्या चैत्रापासून त्यानें जें काम धरलें त्यास मात्र आम्ही हंसलों नाहीं.

आमचे थोरले बंधू रेल्वेच्या नोकरींतून दौंडास निवृत्त झाले, आणि पुढें आठ वर्षें खपून त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहिला. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जुनीं पत्रें, वृद्धांच्या आठवणी, सर्व पडताळून दोनशें चौदा पानें झालीं. २००१ सालीं दौंडांतल्या एका टंकलेखकाकडून त्यांनीं तीं संगणकावर उतरवून घेतलीं. छपाई व्हावयाच्या आधींच ते वारले. कागदावरच्या दोन प्रतींपैकीं एक वाचावयास म्हणून नेणाऱ्या आप्तांनीं ती परत केली नाहीं; दुसरी माळ्यावर वाळवीनें वाचली. उरली ती एक चकाकणारी सीडी. वहिनींस आतां चौऱ्यायशीं वर्षें झालीं. गुढीपाडव्याच्या दिवशीं त्या नातवास म्हणाल्या, "ह्यांनीं लिहिलेलें एकदां डोळ्यांखालून जाऊं दे रे."

आजच्या लॅपटॉपांस सीडी घालावयास तोंडच नसतें. बाहेरून जोडावयाचें यंत्र त्यानें मित्राकडून मागून आणलें, फाइल उघडली, आणि पडद्यावर आलीं तीं रोमन अक्षरें, प्रश्नचिन्हें, स्वल्पविराम आणि रिकाम्या चौकटी. मराठीचें एक अक्षर नाहीं. वहिनींनीं चष्मा पुसून दोनदां पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आंत गेल्या.

हा प्रकार काय आहे तें त्यानें आम्हांस समजावून दिलें, तें वाचकांसहि सांगण्याजोगें आहे, कारण ज्यांच्या घरीं त्या काळचें टंकित कांहीं असेल त्यांच्यावर हाच प्रसंग येणार आहे. संगणकास अक्षर ठाऊक नसतें. त्यास केवळ अंक ठाऊक. त्या वेळच्या फॉन्टांत फार तर दोनशें छप्पन्न खोल्या असत, आणि त्या मुळांत रोमन लिपीच्या मालकीच्या. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनीं त्याच खोल्यांत आपल्या अक्षरांचे तुकडे नेऊन ठेवले. कोठें अर्धा ग, कोठें नुसता काना, कोठें मात्रा. आपलीं अक्षरें म्हणजे पोटभाडेकरू. फॉन्ट गेला कीं मूळ मालक दारांत उभा! त्यांतून प्रत्येक विक्रेत्याची मांडणी निराळी. सरकारनें 'इस्की' नांवाचें एक प्रमाण १९९१ सालीं मुक्रर केलें होतें, पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ मध्यें स्थापन होऊन भारतीय लिप्यांच्या कामास लागली होती, आणि त्याच १९९१ सालीं 'युनिकोड' या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ति निघून तींत देवनागरीस १२८ स्वतंत्र जागा मिळाल्या होत्या. परंतु टंकलेखनाच्या दुकानांपर्यंत हें सर्व पोहोंचावयास पुष्कळ वर्षें गेलीं. मराठींतल्या 'ॲ' या अक्षरास तर युनिकोडांत स्वतःची जागा २००८ सालीं मिळाली.

तुकडे जुळविण्याची ही रीत कांहीं संगणकवाल्यांनीं काढलेली नव्हे. छापखान्यांतला खिळे जुळविणारा हेंच करीत आला. आमचा नातू ज्या गाडीनें रोज पुण्यास जातो ती केडगांवावरून जाते. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथल्या मुक्ति-सदनाच्या छापखान्यांत छापलें गेलें व बाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, बाहेर पडलें. खिळे जुळविणाऱ्यास अक्षराचा आकार हवा, उच्चाराशीं त्यास कर्तव्य नाहीं. आणि छापलेला कागद पुढें वाचणारा मनुष्यच असतो, म्हणून तेथें कांहीं अडत नाहीं. अडतें तें यंत्रास वाचावयाचें असतें तेव्हां.

जुना फॉन्टच मिळवावा, असें आम्हीं सुचविलें. पण तो चालविण्यास विक्रेता एक कुलुपाची खुंटी देत असे. टंकलेखकाचें दुकान केव्हांच मोडलें होतें व खुंटीचा पत्ता नव्हता. तोडगा सांपडला तो वहिनींच्या गुरुचरित्राच्या पोथींत. कुलवृत्तान्ताचें छापील एक पान त्यांनीं तेथें खूण म्हणून घातलें होतें! तें पान एका हातास, पडद्यावरचा घोटाळा दुसऱ्या हातास, आणि मध्यें आम्ही दोघे. हा अंक म्हणजे हा तुकडा, असा तक्ता आम्हीं तीन रविवार बसून तयार केला.

तक्ता झाला, तरी भाषा झाली नाहीं. 'स्थिति' हा शब्दच फुटला. जुन्या फाइलींत इकार आधीं, मग अर्धा स, मग थ. कारण हातानें आपण तसेंच लिहितों. युनिकोडाचा क्रम उच्चाराचा, तेथें इकार शेवटीं. नातवानें इकार एका अक्षरापलीकडे ढकलला, तो स आणि थ यांच्या मध्येंच अडकला, व तेथें ठिपक्यांचें एक वर्तुळ उमटलें. आम्हीं त्यास सांगितलें, "अरे, अक्षर म्हणजे स्वर आणि त्याच्या आधींचीं सगळीं व्यंजनें. इकारानें सबंध जोडाक्षर ओलांडलें पाहिजे. रफाराचें उलट, तो दिसतो शेवटीं, पण उच्चारांत आधीं." चौतीस वर्षें जें आम्हीं नववीच्या वर्गास ओरडून सांगितलें, तें त्या दिवशीं प्रथमच कोणी लगेच लिहून घेऊन अंमलांत आणलें.

पुढें एका सायंकाळीं त्यानें यंत्रास 'घोडनदी' हा शब्द शोधावयास सांगितला. शब्द पडद्यावर आमच्या डोळ्यांसमोर, आणि यंत्र म्हणे, असा शब्द नाहीं! दोन तास त्यानें केस उपटले. शेवटीं उलगडा झाला कीं, ओकाराच्या जागीं काना निराळा व मात्रा निराळी अशीं दोन चिन्हें पडलीं होतीं. मनुष्याच्या डोळ्यास एक, यंत्रास भिन्न. आधीं जोडीचा नियम लावावयाचा, मग सुट्यांचा, हा क्रम चुकला होता. नियम कोणत्या क्रमानें लागावेत याचा विचार पाणिनीनें अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत कसा बांधून दिला आहे, तें आम्हीं त्यास तेथेंच माळवदावर सांगितलें. तो ऐकत राहिला, व म्हणाला, "आजोबा, हें आम्हांला कोणी शिकवलें नाहीं." (संस्कृत ही संगणकास सर्वोत्तम भाषा, असें जें हल्लीं मोबाइलवर फिरतें, त्यास मात्र त्यानें हात जोडले. १९८५ साली रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकानें शास्त्रीय संस्कृतांतल्या अर्थविश्लेषणावर एक लेख लिहिला, त्याचें तें पीक. नातू स्वतः 'पायथन' नामक भाषेंत लिहितो. भाष्यकार पतंजलीस शेषावतार मानणाऱ्या आम्हांस अजगराचें नांव ऐकून संतोष झाला होता. पण तें नांव एका विनोदी इंग्रज नटमंडळीवरून पडलें आहे असें कळलें.)

बंधू १९६२ च्या नियमांनंतरहि जुनेच अनुस्वार देत. शाळेंत नवे नियम शिकवून घरीं आम्हीहि जुनेच देतों, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. यंत्रानें प्रत्येक ओळीखालीं तांबड्या रेघा मारल्या, त्या आम्हीं तशाच राहूं दिल्या.

गौरी-गणपतींस सगळे जमले असतां पहिलीं चाळीस पानें वाचावयाचें ठरलें. नातू वाचीत होता. आमचे पणजोबा वयाच्या बाराव्या वर्षीं शिरूर सोडून पायीं पुण्यास गेले, आणि 'तेथें एका सावकाराच्या घरीं आचार्याचें काम करूं लागले,' असें वाक्य आलें. सर्वांनीं माना डोलावल्या. पणजोबा पुण्यास मोठ्या घरीं होते एवढेंच आजवर आमच्या कानीं होतें. मुंबईचे आमचे चुलत बंधू म्हणाले, "बघा, विद्या घराण्यांत पहिल्यापासूनच आहे."

आम्हांस तें वाक्य खटकलें. बारा वर्षांच्या मुलास सावकाराच्या घरीं आचार्य कोण करील? आम्हीं नातवास मागें जावयास सांगितलें. तिसऱ्या पानावर, न्हावऱ्यास कोणाची सोयरीक झाली तेथें, पडद्यावर 'न्हावर्यास' असें उमटलें होतें. गांवाचें नांव न्हावरे; तेथें रफार येण्याचें कारण नाहीं. मूळ फाइल उघडली. दोन्ही शब्दांत एकच अंक, आणि 'कार्य' शब्दांतल्या रफाराचा अंक निराळा. तक्ता करतांना त्या आडव्या रेघेस नातवानें 'अर्धा र' म्हटलें होतें. पण यंत्रास अर्धा र आणि त्यापुढें य दिला कीं तें त्याचा रफारच करतें. मराठीच्या या आडव्या र साठीं युनिकोडांत ०९३१ क्रमांकाचा ऱ वेगळा ठेवलेला आहे, तो घालावयास हवा होता. घातला. 'न्हावऱ्यास' झालें, आणि त्याच क्षणीं पणजोबा आचाऱ्याचें काम करूं लागले.

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग चुलत बंधू म्हणाले, "यंत्रानें आपण होऊन पदवी दिली आहे, राहूं द्या कीं. कोणाला कळणार आहे?" एक-दोघांनीं त्यांची री ओढली, मुलींच्या सोयरिकी जुळावयाच्या आहेत, असेंहि कोणी म्हणालें. खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत तसा विचार क्षणभर डोकावला. नातू कोणाकडेच न पाहतां पडद्याकडे पाहत होता.

माजघराच्या उंबऱ्याशीं बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "तें वाक्य ह्यांनीं चार वेळां खोडलें होतें. दौंडच्या घरीं मीं पाहिलें आहे. पांचव्या वेळीं लिहिलें तें ठेवलें. तूं वाच रे पुढें."

तो पुढें वाचूं लागला. पणजोबांनीं त्याच सावकाराच्या ओसरीवर, भांडीं घासून झाल्यावर, कारकुनांचें पाहून अक्षरें गिरविलीं, असें पुढच्याच वाक्यांत होतें.

दसऱ्यास नातवानें मोठ्या ठशांत छापलेली प्रत दौंडाहून आणली. दोनशें अकराव्या पानावरचा एक तुकडा अजून ओळखतां आलेला नाहीं. तेथें त्यानें चौकट तशीच ठेवली आहे. वहिनी दुपारीं दोन पानें वाचतात. सध्यां त्या स्वतःच्या लग्नापर्यंत आल्या आहेत, आणि तेथून पुढें सरकत नाहींत.