आधी बारगीर, मग शिलेदार: घोड्यावरच्या तिरंदाजीचा धंदा करायचाय?

धावत्या घोड्यावरून बाण मारण्याचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. ते बघून कापडे, पोलादपूर, महाडकडच्या तरुणांच्या मनात येणारच: उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला लोक येतात, प्रतापगडावर गर्दी असते, मग आपण घोडा घेऊन असं केंद्र का काढू नये? कल्पना चांगली आहे. फक्त घोडा घ्यायची घाई करू नका.

हा खेळ परत उभा कसा राहिला?

जपानमध्ये याबुसामे ही घोड्यावरची तिरंदाजी मंदिरांच्या उत्सवांतून टिकली. पण आजच्या स्पर्धेच्या खेळामागे मोठा वाटा आहे हंगेरीच्या लायोश काश्शाई यांचा. हा माणूस मुळात धनुष्य बनवणारा कारागीर. कापोशमेरो गावाजवळच्या एका दरीत त्यांनी सराव केला आणि सुमारे 90 मीटरची धाव ठरवली. मध्ये एकच लक्ष्य. घोडा जवळ येताना, समोर आल्यावर आणि पुढे गेल्यावर मागे वळून बाण मारायचे. बाण नेमका लागला की गुण, आणि धाव लवकर संपवली तरी गुण.

यात धंदा कुठे आहे बघा. धनुष्य विकता येतं, विद्या शिकवता येते आणि नियम ठरल्यामुळे शिष्य दुसऱ्या देशातही तोच खेळ चालवू शकतो. नुसत्या करामतीला लोक एकदा टाळ्या वाजवतात. शिकायला आलेला माणूस मात्र पुन्हा पुन्हा येतो.

आता हिशोब करू

घोडा सुट्टी घेत नाही. समजा चारा, खुराक, नाल, औषध मिळून दिवसाला 300 रुपये लागले, तर वर्षाचे झाले 1,09,500. आपल्याकडे पावसाचे चार महिने गेले आणि उरलेल्या आठ महिन्यांत फक्त शनिवार-रविवार धंदा झाला, तर हातात साधारण 70 दिवस. म्हणजे धंद्याच्या प्रत्येक दिवशी 1,564 रुपये नुसते घोड्याचे. माणशी 200 रुपये घेतले, तर पहिली आठ गिऱ्हाइकं घोड्याच्या पोटात! तुमची मजुरी, विमा, कर्जाचा हप्ता त्यानंतर. तुमच्या भागातले खरे आकडे टाकून हेच गणित करा.

मग सुरुवात कुठून?

शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. तुम्ही आधी बारगीर व्हा.

पहिलं वर्ष जमिनीवरची तिरंदाजी शिका आणि शिकवा. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला वयाच्या 17व्या वर्षी जगज्जेती झाली. त्यामुळे तिरंदाजी म्हणजे काय, हे पालकांना वेगळं पटवावं लागत नाही. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा आणि बाणाच्या दिशेला माणसाची, गुराची वाट नको.

दुसरं पाऊल, घोडा भाड्याने. महाबळेश्वरला, माथेरानला घोडेवाले आहेत, त्यांच्याशी बोला. पण पर्यटकाला फिरवणारा घोडा लगेच या कामाचा होत नाही. बाण सोडताना दोन्ही हात धनुष्यावर असतात, लगाम सुटलेला असतो. घोड्याने दोरांमधल्या वाटेने सरळ धावायला हवं आणि प्रत्यंचेच्या आवाजाला बुजायला नको. याला महिने लागतात, जाणता शिक्षक लागतो. तोवर गिऱ्हाइकाला घोड्यावरून बाण मारू देऊ नका. एक अपघात झाला की केंद्र बंद.

दोन हंगाम शिकणारे टिकले, तरच शिलेदार व्हा. तेव्हा आपल्या भीमथडी जातीचाही विचार करा.

पाटीवर खोटं नको

मराठा स्वाराची ओळख मुख्यतः भाला आणि तलवार. म्हणून ‘मावळ्यांची अस्सल अश्व-तिरंदाजी’ असं लिहू नका. उमरठच्या वाटेवर येणारा माणूस इतिहास जाणतो. त्याचा विश्वास गेला की परत येत नाही. ‘जगातला खेळ, आपल्या मातीत’ एवढं खरं पुरेसं आहे.

आज वहीत तीन आकडे लिहा: घोड्याचा रोजचा खर्च, वर्षातले धंद्याचे दिवस आणि पुन्हा येणारी गिऱ्हाइकं. तिसरा आकडा शून्य असेल, तर आधी धनुष्य घ्या. घोडा नंतर.