हरवलेल्या हुंडीला पेठ होती

हुंडीच्या व्यवहारात एक सोय होती. ती आज फारशी कुणाला आठवत नाही. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर लिहिणारा तिची दुसरी प्रत देई. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली, तर परपेठ. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातील पतवान शहाच्या हातीच पडत, म्हणून कागद भलत्याकडे गेला तरी रक्कम सहसा बुडत नसे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही हुंडीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

आज सोलापुरातल्या व्यापारी घरांतील तरुण मोबाइलमधील क्रिप्टो वॉलेटवरून रक्कम पाठवू पाहतात. तेथे पेठ नाही.

वॉलेट हे नावच फसवे आहे. नाणी त्यात नसतात. असते ती गुप्त किल्ली. जमा-नावे असते ते त्या त्या ब्लॉकचेनच्या सामायिक वहीत, आणि अशा वह्या अनेक आहेत. बिटकॉइनची २००९ पासूनची, इथेरियमची २०१५ पासूनची. शिवाय ट्रॉन, सोलाना, पॉलिगॉन, बीएनबी चेन. एका वहीतली जमा दुसरीत दिसत नाही, आणि प्रत्येक वॉलेट प्रत्येक वही वाचू शकत नाही.

घोटाळा होतो तो यूएसडीटीसारख्या चलनात. डॉलरशी मूल्य बांधलेले हे एकच नाव इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे, सोलानावरही आहे. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि ‘एक्स’ने; तेथे गल्लत झाली तर वॉलेट बहुधा आधीच अडवते. खरा धोका सारख्या दिसणाऱ्या पत्त्यांत आहे. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन यांचे पत्ते एकाच घडणीचे. समजा, घेणाऱ्याचे एक्सचेंज त्या पत्त्यावर केवळ इथेरियमवरील जमा स्वीकारते आणि आपण स्वस्त शुल्क पाहून बीएनबी चेन निवडली. कोणी अडवत नाही. पडद्यावर व्यवहार यशस्वी दिसतो आणि खात्यात रक्कम येत नाही. पत्ता घेणाऱ्याच्या स्वतःच्या वॉलेटचा असता, तर तीच किल्ली दोन्ही जाळ्यांवर चालली असती. ते नेटवर्क जोडताच रक्कम हाती आली असती. पत्ता एक्सचेंजचा असेल तर किल्लीही त्यांचीच, आणि शोधून परत देणे हे त्यांच्या सोयीवर अवलंबून.

म्हणून पत्त्याबरोबर नेटवर्कचे नावही घेणाऱ्याकडून लेखी मागवावे. एक्सआरपी एक्सचेंजवर पाठवताना ‘टॅग’चा आकडाही लागतो. शुल्क त्या जाळ्याच्याच नाण्यात द्यावे लागते: ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर ईथर. यूएसडीटी भरपूर, पण टीआरएक्स नाही, अशा वॉलेटमधून रक्कम सहसा हलत नाही. प्रथम अल्प रक्कम पाठवून पोच घ्यावी. इथेरियमवर दोनदा शुल्क पडते हे खरे, पण ते सोसावे. हुंडीत रक्कम लिहून तिचे निमे आणि निम्म्याची दुप्पटही लिहीत असत. ती उगाच वाढवलेली अक्षरे नव्हती.

प्राप्तिकराचाही आधार येथे मिळत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदी किमतीखेरीज अन्य खर्च वजा होत नाही, आणि तोटा कापडाच्या किंवा अन्य कोणत्याही धंद्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.