रविवारचं प्रवचन, आठवडाभराची शिदोरी

मैत्रिणींनो, रविवारी चर्चमधून परतताना प्रवचन छान वाटतं. सोमवारी डबे भरताना मात्र त्यातलं काही आठवत नाही, होय ना? मग रोजच्या जगण्याला पुरेल असं प्रवचन निवडा.

पहिला मान प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे 5 ते 7 हे तीनच अध्याय! एकदम वाचू नका. रोज चार-पाच ओळी पुरेत. भाषा जड वाटली, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. मुलं कंटाळली, तर ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने शुभवर्तमान आपल्या कीर्तन-भजनांच्या वळणाने घरोघरी नेलं.

पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की देवाला अर्पण वाहताना कुणी भाऊबंद आपल्यावर नाराज असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी समेट करावा. आता जावेशी महिनाभर अबोला असेल, तर पुढच्या रविवारची वाट कशाला पाहायची? "काहून वं, आज इकडे कशी?" असं तिनं विचारलं, तरी पहिलं पाऊल आपलंच.

पटलेली एक ओळ कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. शनिवारी पाहा, त्यातलं काय केलं?

या प्रवचनाच्या शेवटी खडकावरच्या घराचा दृष्टान्त आहे. नुसतं ऐकणाऱ्याचं घर वाळूवर, करणाऱ्याचं खडकावर. अकोला-अमरावतीकडे हे वेगळं सांगायला नको. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंतीला तडे जातातच!