सौम्य धक्के आणि शाळेतली कवायत

सुरतेहून भरूचकडे निघालेली आगगाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि पुढचे स्थानक लागते ते कोसाडचे. एके काळचे हे खेडे आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि तेथे तीनचार मजली सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडणारा हा लोहमार्ग. त्यावरून दिवसा नि रात्री गाड्यांची ये-जा चालूच असते. रुळांजवळ राहणाऱ्या माणसाला जमिनीच्या थरथरीचे नवल उरलेले नसते. मालगाडी गेली की फळीवरचे पेले किणकिणतात, खिडकीची तावदाने हलतात आणि झोपलेला माणूस फार तर कूस बदलतो.

अशा ठिकाणी सौम्य भूकंप झाला, तर तो ओळखायचा कसा? ११ फेब्रुवारी २०२३ रोजी मध्यरात्र उलटून ५२ मिनिटे झाली असताना सुरतेच्या परिसराला असा एक धक्का बसला. त्याची महत्ता, म्हणजे त्याच्या आकाराचे माप, ३.८ इतकी होती. त्याचे केंद्र सुरतेपासून सुमारे २७ किलोमीटरवर, हजीऱ्याच्या बाजूला अरबी समुद्रात, अवघ्या पाचएक किलोमीटर खोलीवर होते. हानी झाली नाही. ज्यांना तो जाणवला, त्यांनाही तो दोनचार क्षणच जाणवला.

गाडीची थरथर दुरून येते, वाढत जाते आणि ओसरत जाते. भूकंपाला असा प्रस्ताव नसतो. तो एकदम हजर होतो. परंतु हजर होताना तो दोन पावलांत येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. जमिनीखाली खडक सरकला की तेथून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली लाट खडकाला दाबत व ताणत सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावते. ती हलका हिसका देते आणि कित्येकदा सुरुंग उडाल्यासारखा आवाजही तिच्याबरोबर येतो. दुसरी लाट जमिनीला आडवी हलवते. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरांच्या आसपास असतो, पण घराला खरी ओढाताण तीच सोसायला लावते. केंद्र तीस किलोमीटरवर असेल, तर या दोहोंमध्ये तीनचार सेकंदांचे अंतर पडते. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये जो प्रचंड भूकंप झाला, त्याचे केंद्र सुरतेपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर होते. तेवढ्या अंतरावर हेच अंतर अर्ध्या मिनिटाहून अधिक होते. पहिला हिसका ही वर्दी होय. ती ऐकून माणूस त्या तीन सेकंदांत काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि तीन सेकंदांत विचार करून निर्णय घेणे कोणालाही साधत नाही. त्या वेळी शरीर तेच करते, जे त्याला पूर्वी कधीतरी शिकवलेले असते.

येथे बालपणाचा संबंध येतो. सुरतेत मराठी भाषिकांची वस्ती मोठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली असून नगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्गही चालतात. अशा एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. आजोबा, वडील आणि शाळेत जाणारी नात. रात्री धक्का बसतो. आजोबांचा हात प्रथम दिव्याच्या बटणाकडे जातो. ते शाळेत होते तेव्हा १९६५ चे युद्ध झाले, आणि पुढे १९७१ चे. भोंगा वाजला की दिवे घालवायचे, खिडक्यांना काळा कागद लावायचा, पोटावर आडवे पडायचे, कानांत बोटे घालायची आणि दातांत रुमाल धरायचा, ही त्यांची कवायत. वडिलांच्या शाळेत कवायत म्हणजे केवळ 'एक, दोन, तीन' म्हणत हातपाय हलवणे. संकटाची अशी काही तालीम त्यांना कोणी दिलीच नाही. ते ओरडतात, "पळा, खाली पळा!" नात मात्र एव्हाना टेबलाखाली शिरलेली असते. २००१ नंतर गुजरातच्या शाळांत भूकंपाची तालीम सुरू झाली. २००३ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा त्या राज्याने केला, देशाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. एका घरात तीन पिढ्या आणि तीन कवायती! यांपैकी त्या क्षणी बरोबर आहे ती नात. परंतु घरात तिचा शब्द चालत नाही आणि वडील तिला दंडाला धरून जिन्याकडे ओढतात.

वडिलांची चूक आहे असे सहजासहजी म्हणता येणार नाही, कारण पळण्याचा सल्ला काही ठिकाणी खरोखरच योग्य असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. भूकंपाची महत्ता ६.२ होती, जगाच्या मानाने ती फार मोठी नव्हे. पण घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. अशा घरात टेबलाखाली बसणे व्यर्थ होय. दार दोन पावलांवर असेल तर अंगणच गाठले पाहिजे. याच्या उलट डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे असतात. ती हलकी असल्यामुळे हलतात, पण जीव घेत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेची गोष्ट या दोहोंहून निराळी. तेथून बाहेर पडण्यास लागणारा वेळ धक्क्यापेक्षा अधिक असतो. हलत्या इमारतीत जिन्यावर मोठा ताण येतो, अंधारात पायऱ्या चुकतात, आणि दारापाशी पोहोचलेल्या माणसाच्या डोक्यावर कठड्याचा तुकडा किंवा खिडकीची काच पडू शकते. अर्थात मजबूत टेबलाखाली शिरणे हा उपाय इमारत उभी राहील हे गृहीत धरून सांगितलेला आहे. २००१ मध्ये अहमदाबादेत, केंद्रापासून अडीचशे किलोमीटर दूर असूनही, कित्येक उंच इमारती कोसळल्या. तळमजला मोटारींसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर तोललेल्या इमारती त्यांत पुष्कळ होत्या. सुरतेतही त्या दिवशी इमारती पडल्या. नदीच्या गाळाची मऊ जमीन धक्का वाढवते, आणि तापीकाठची जमीन तशीच आहे. कच्च्या बांधकामाची भरपाई कवायतीने होत नाही, हे शाळेतल्या गुरुजींनीही मुलांना सांगावयास हरकत नाही.

कवायतींची ही गुंतागुंत सुरतेत अधिकच वाढते, कारण या शहराने एकाहून अधिक संकटे पाहिली आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला; तेव्हा वाचण्याचा मार्ग वरच्या मजल्यावर जाण्याचा होता. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील एका इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गातली २२ मुले प्राणांस मुकली. काहींनी धुराने जीव घुसमटला म्हणून खाली उड्या टाकल्या. आगीत वेळीच खाली आणि बाहेर जावे लागते. भूकंपात हलणे थांबेपर्यंत आहे तेथेच राहावे लागते. पुरात वर, आगीत खाली, भूकंपात जागच्या जागी! शाळेत मात्र बहुधा एकच घंटा वाजते आणि एकच आज्ञा दिली जाते: रांगेने मैदानात चला. ही घंटा आगीची होय. भूकंपाच्या नावाने हीच वाजवली, तर मूल नेमकी चुकीची गोष्ट शिकते.

पुष्कळ ठिकाणी तालमीचा दिवस अगोदर जाहीर होतो. मुले हसत हसत बाकांखाली शिरतात, बाई टाळी वाजवतात, मुले लगेच बाहेर येतात, मैदानात रांगा लागतात, छायाचित्र निघते. सारा वेळ रांगांत जातो. बाकाखालचा वेळ दोन सेकंदांचा. वास्तविक शिकायचे असते ते बाकाखाली थांबणे. बाक सरकू लागला तर त्याचा पाय एका हाताने घट्ट धरून त्याच्याबरोबर सरकायचे, दुसरा हात मानेवर, तोंड खिडकीकडे नाही, आणि सगळे शांत होईपर्यंत मनात अंक मोजायचे. पन्नास-साठ अंक मोजून होईपर्यंत मुलांना कंटाळा येतो. तो आला पाहिजे. घाबरलेल्या शरीराला थांबण्याची सवय त्याशिवाय लागत नाही. जपानात १ सप्टेंबर हा दिवस १९२३ च्या टोकियो परिसरातील भूकंपाच्या स्मरणार्थ अशा तालमींसाठी राखलेला आहे. तो भूकंप दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी झाला आणि चुलींतून आगी पसरल्या, म्हणून तेथे विस्तव विझवण्यावर फार भर असे. पुढे अनुभवाने क्रम बदलला: आधी डोके सांभाळावे, हलणे थांबल्यावर विस्तव पाहावा. कोसाडच्या स्वयंपाकघरातही गॅसची कळ दुसऱ्या क्रमांकावरच हवी.

सौम्य धक्क्यांविषयी आणखी एक समजूत फार पसरलेली आहे. लहान धक्के बसले की जमिनीतला ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, असे लोक एकमेकांना धीर देताना सांगतात. गणित तसे नाही. महत्ता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. कच्छच्या ७.७ महत्तेच्या भूकंपाएवढी ऊर्जा ३.८ च्या धक्क्यांनी बाहेर पडायची, तर असे सुमारे सात लाख धक्के बसावे लागतील. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: लहान धक्का आला म्हणून मागून मोठा येतोच असेही नाही. किल्लारीला १९९२ मध्ये धक्के बसत होते, लोक घाबरले होते. पुढे ते थंडावले आणि वर्षभराने प्रलय आला. कोयनेच्या परिसरात धरणात पाणी साठू लागल्यानंतर धक्के सुरू झाले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप होऊन पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यानंतर आजवर तेथे असंख्य लहान धक्के बसले. पाटण तालुक्यातील माणसे भांडी वाजली तरी जेवणावरून उठत नाहीत. कोणता लहान धक्का मोठ्याची नांदी आहे हे तो मोठा येईपर्यंत सांगता येत नाही. म्हणून 'आज रात्री अमुक वाजता आणखी मोठा धक्का बसणार' अशा ज्या बातम्या प्रत्येक धक्क्यानंतर दूरध्वनीवरून हातोहात फिरतात, त्या खोट्या असतात, मग त्यांखाली कोणत्याही संस्थेचे नाव घातलेले असो.

सौम्य धक्का जीव घेत नाही, असे सामान्यतः म्हणता येते. पण कोसाडहून दक्षिणेस, त्याच लोहमार्गावर, पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आसपास माणसे थंडीच्या रात्री घराबाहेर काढू लागली, तंबू आणावे लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला मोठा धक्का बसला, महत्ता ४.१. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिच्या अंगावर भिंत पडली नव्हती की छप्पर. घबराटीत पळताना ती पडली आणि डोके दगडावर आपटले.

दोन वर्षांच्या मुलाला कवायत शिकवता येत नाही. ती त्याला उचलणाऱ्याने शिकायची असते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात नातीने शाळेतून आणलेली विद्या घरच्यांनी एकदा तिच्याकडून शिकून घेतली, तर पुढचे काम थोडेच उरते. कपाट भिंतीला पक्के जखडायचे, आजोबांच्या उशापासून जड फळी हलवायची, त्यांना वाकून टेबलाखाली जाता येत नसेल तर आतल्या भिंतीशी बसून उशीने डोके झाकण्याची जागा ठरवायची, विजेरी हाताशी ठेवायची आणि कोणी कोणाला उचलायचे हे आधीच बोलून ठेवायचे. कोसाडला तालमीसाठी निराळी घंटा लागत नाही. मालगाडी येते, फळीवरचे पेले किणकिणू लागतात. नात म्हणते, "चला", सगळे आपापल्या जागी जातात, आणि शेवटचा डबा निघून जाऊन पेले गप्प होईपर्यंत टेबलाचा पाय कोणी सोडत नाही.