फ्रीझरमधली त्वचा आणि मलमाची परीक्षा

मलमातलं औषध त्वचेतून किती आत उतरतं, हे प्रयोगशाळेत फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या उपकरणात मोजतात. दोन कप्पे आणि मधे घट्ट बसवलेला त्वचेचा तुकडा. वर मलम लावायचं, खालचं द्रावण ढवळत ठेवायचं, त्वचेचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं आणि ठरावीक वेळाने खालचा नमुना तपासायचा.

ही त्वचा बहुधा पोटावरच्या शस्त्रक्रियेत काढलेली, दात्याच्या संमतीने मिळालेली असते. नाहीतर डुकराच्या कानाची. ती रोज ताजी कुठून मिळणार? म्हणून उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. खरी मेख इथेच आहे. औषधाला मुख्य अडथळा करतो तो सर्वांत वरचा, मृत पेशींचा आणि मेदाचा कोरडा थर. तो गोठणं बऱ्यापैकी सोसतो. खालच्या जिवंत थरांत मात्र पाणी भरपूर. बर्फाचे स्फटिक तिथल्या पेशी फोडतात. पेशी मेल्या की औषधाचं रूपांतर करणारी त्यांची यंत्रणाही मंदावते किंवा थांबते. त्वचेतच ज्यांचं विघटन होतं अशा औषधांचे आकडे मग फसवे ठरू शकतात.

वारंवार गोठवणं-वितळवणं तर टाळायलाच हवं. चाचणीआधी त्वचेचा विद्युतरोध किंवा तिच्यातून निसटणारी वाफ मोजून तुकडा शाबूत आहे ना, हे पाहतात. त्वचा किती दिवस, किती अंशांवर ठेवली होती, हे अहवालात लिहिलेलं असलंच पाहिजे.