तंत्रक्षेत्रातून शिक्षकी पेशाकडे

संगणक वा अभियांत्रिकी क्षेत्रात काही वर्षे नोकरी केलेली व्यक्ती माध्यमिक शाळेत शिक्षक होऊ इच्छिते, तेव्हा तिच्या विषयज्ञानाबद्दल सहसा प्रश्न उपस्थित होत नाही. परंतु स्वतःला विषय येणे आणि तो दुसऱ्याला शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एक साधे उदाहरण घ्यावे. १/२ आणि १/३ यांची बेरीज विद्यार्थी २/५ अशी लिहितो. तंत्रज्ञ चूक हेरून ५/६ हे उत्तर तात्काळ देईल. शिक्षकाला मात्र मुलाने अंशात अंश व छेदात छेद मिळविला, हे ओळखावे लागते. ‘अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, तर ती अर्धीहून कमी कशी होईल?’ असे विचारून चूक त्याची त्यालाच उमगू द्यावी लागते.

प्रशिक्षण व नेमणूक

ही दृष्टी यावी म्हणूनच माध्यमिक शिक्षकासाठी बी.एड. पदवी आवश्यक मानली गेली आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व त्यात २० आठवड्यांचा शालेय अनुभव अंतर्भूत केला. विज्ञान व गणित हे विशेष विषय असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांनाही ५५ टक्के गुणांच्या अटीवर त्यात प्रवेशाची तरतूद केली. आपल्या पदवीतील विषय शालेय अध्यापनास ग्राह्य आहेत किंवा कसे, याची खात्री मात्र उमेदवाराने आधीच करून घेणे हिताचे ठरते.

महाराष्ट्रात २०१७ पासून भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेण्यात येऊ लागली. निवड झाल्यावर प्रथम तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करावे लागते. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये दरमहा ८,००० रुपयांवरून १८,००० रुपये करण्यात आले. तंत्रक्षेत्रातील वेतनाची सवय झालेल्या कुटुंबास ही घट सोसण्याजोगी आहे काय, याचा विचार राजीनाम्यापूर्वीच व्हावयास हवा.

शाळेचा लाभ

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणात कार्यानुभवाला महत्त्वाचे स्थान दिले होते. प्रत्यक्ष कामात गणित व विज्ञान वापरलेला शिक्षक तो अनुभव वर्गात आणू शकतो. अशा इच्छुकांना शाळा समित्यांनी व मुख्याध्यापकांनी अधूनमधून मुलांसमोर बोलावल्यास त्यांचीही पारख होईल आणि विद्यार्थ्यांचाही लाभ होईल. वर्गात रमणाऱ्याने मग निश्चिंतपणे या वाटेस लागावे.