पाषाणातील पाणी आणि न्यूट्रॉन

अल्लीपूरच्या काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व सच्छिद्र थरांत पाणी मुरते. बोअर मारली, तरी पाणी नेमके कोणत्या थरात आहे, हे कसे समजावे?

१९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा विद्युत्‌भाररहित कण शोधला. १९४१ साली पाँतेकोर्व्हो यांनी त्याच्या साहाय्याने तेलविहिरी तपासण्याची रीत मांडली. अमेरिशियम व बेरिलियम यांची बंद कुपी यंत्रात बसवून विहिरीत सोडतात; तीतून न्यूट्रॉन सुटतात. गोटी भिंतीवर आपटली, तर वेगाने परतते. तेवढ्याच वजनाच्या गोटीवर समोरून आदळली, तर जागीच थबकते. न्यूट्रॉनच्या जवळजवळ बरोबरीचे वजन हायड्रोजनच्या अणुगर्भाचे. म्हणून पाणी जेथे अधिक, तेथे न्यूट्रॉन लवकर मंदावतात. दूरच्या मापकापर्यंत थोडेच पोचतात.

परंतु श्रोतेहो, हे यंत्र हायड्रोजन ओळखते, वाहते पाणी नव्हे. चिकणमातीत जखडलेले पाणीही त्याला तसेच भासते. ते मात्र पंपाला येत नाही. तेव्हा यंत्राने कौल दिला, तरी मोटारीचा खर्च करण्यापूर्वी काही तास पाणी उपसून पाहणे शेतकऱ्याला चुकत नाही.